बाळकरामाचं देणं

गडकरी मला आवडत नसत, आणि त्याला कारण सिंधू. त्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातली ही बाई नवऱ्याच्या व्यसनापायी दळणं दळते, मूल गमावते, त्याच्याच हातून मरते आणि मरतानाही त्याच्यावर किटाळ येऊ देत नाही. त्यात पुन्हा ते अलंकारांनी लगडलेलं बोलणं. घरात दाणा नाही, पण उपमांना तोटा नाही! ठाण्यात राहून असं म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे 'गडकरी' म्हणजे तलावपाळीचं रंगायतन. माणसापेक्षा इमारतच जास्त ओळखीची. मी तिथे इतरांची नाटकं पाहायची आणि ज्याच्या नावाने ती उभी आहे त्याच्याशी अबोला धरायची.

तो अबोला मोडला आईच्या मामांनी. मामाआजोबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घावरही त्यांची पेन्सिल चाले. मला 'दाखवायला' सुरुवात झाली होती ते दिवस. पोहे, साडी, खाली मान, 'स्वयंपाक येतो ना?' आणि मग आठवडाभर काही कळवायचं नाही. अशाच एका नकारानंतर ते आले, कसलीही समजूत घातली नाही, पिशवीतून 'संपूर्ण बाळकराम' काढून म्हणाले, "बायो, हे वाच. तुझ्याच धंद्यातलं आहे."

बाळकराम म्हणजे गडकरीच. 'गोविंदाग्रज' होऊन त्यांनी कविता केल्या आणि 'बाळकराम' होऊन विनोद. तिंबूनानांच्या ठकीसाठी स्थळं शोधायचा उद्योग या बाळकरामाने अंगावर घेतलेला. लेखांची नावंच पाहा : 'लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी', 'वरसंशोधन', 'लग्न मोडण्याची कारणे'. मुलीच्या लग्नाला मोहीम म्हटलं की बाप सेनापती होतो, हुंडा खजिना होतो आणि ज्या घरी जायचं ते आपोआप शत्रूचा मुलूख ठरतं. आमच्या दिवाणखान्यात नेमकं तेच चाललं होतं. फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं. सिंधूच्या तोंडी मला जी भाषा नटवी वाटायची तीच इथे शस्त्रासारखी चालत होती. मरणाऱ्या बाईने कोट्या करू नयेत, हे माझं मत आजही कायम आहे. पण लग्नाच्या बाजारात शब्दच खोटे झालेले असतात : 'आमची काही अपेक्षा नाही' म्हणजे किती तोळे, हे सगळ्यांना कळतं. तिथे कोटी हा अलंकार उरत नाही. ती झडती असते.

ही वाट गडकऱ्यांना गुरूंनी दाखवली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1902 पासून 'सुदाम्याच्या पोह्यां'तून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांना रूढींच्या मागे सोडलं होतं. कोल्हटकरांचं डोकं वकिलाचं. ते चालीरीतीला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतात. गडकऱ्यांना तेवढा धीर नाही. ते अतिशयोक्तीला मोकळं सोडतात आणि ती घरभर उधळते. मला शिष्यच अधिक भावतो. 'कवींचा कारखाना'सारख्या लेखात तर हा कवी आपल्याच जातभाईंना सोडत नाही, हे मला फार आवडलं.

अर्थात सगळंच गोड लागलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरुषाने लिहिलेलं ते. थट्टेचे शिंतोडे अधूनमधून ठकीवरही उडतात. तिथे मी पानं भराभर उलटली. मामाआजोबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "उलट की. पण हसलीस कुठे, ते सांग."

हसले ते भलत्याच ठिकाणी. पुढच्या एका बैठकीत मुलाचे काका गंभीरपणे माझ्या चष्म्याचा नंबर विचारत होते. मला समोर सबंध वरसंशोधन मंडळ अवतरल्यासारखं वाटलं आणि हसू आवरेना. पोह्यांची बशी कशीबशी टिपॉयवर टेकवली. स्थळ अर्थातच गेलं. आई दोन दिवस बोलली नाही. मामाआजोबांनी मात्र मोडण्याच्या कारणांत चष्म्याची भर पडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर मी कोणाहीसमोर खाली मान घालून बसले नाही. लग्न झालं ते पुढे, आणि त्यात पोह्यांचा काही संबंध नव्हता.

मग मी 'एकच प्याला'कडेही परत गेले, सिंधूला चुकवून. तिथे तळीरामाचं आर्यमदिरामंडळ भेटलं : सभा, ठराव, भाषणं, सगळं यथासांग, फक्त दारूसाठी. हा तर बाळकरामच, नाटकात वेषांतर करून शिरलेला! शोकांतिका रडत असते तेव्हा तो मागच्या बाकावर बसून सार्वजनिक सभांची नक्कल करतो. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, आणि हे नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्यामागे. प्रेक्षक सिंधूसाठी किती रडले आणि तळीरामाला किती हसले, हे पाहायला ते नव्हते.

मामाआजोबांची ती प्रत माझ्याकडेच राहिली. समासात त्यांनी पेन्सिलीने मुद्रणदोष दुरुस्त केले आहेत. एका पानावर मात्र दुरुस्ती नाही, नुसतं 'वा!' लिहिलंय. हल्ली ओळखीतल्या मुलींच्या लग्नात मी आहेर म्हणून 'संपूर्ण बाळकराम' देते. मुलींचे फोन येतात. वरपक्षाकडून अजून कोणी आभार मानलेले नाहीत.