पुडीतलं ओआरएस आणि खोक्यातलं ओआरएस

जुलाब लागलेल्या मुलाला घेऊन पालक आले की मी विचारतो, "घरी प्यायला काय देताय?" "ओआरएस" असं उत्तर आलं की पूर्वी तेवढ्यावर भागायचं. गेली काही वर्षं मला पुढचा प्रश्नही विचारावा लागतो, "पुडीतलं की खोक्यातलं?"

या दोन्हींत फरक काय, ते आधी पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट लागतं. एकूण २०.५ ग्रॅम. हे प्रमाण मोजूनमापून ठरवलेलं आहे. आपल्या लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. पण साखर फार झाली तर उलटं होतं. ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

आता फळांच्या चवीचं गोड पेय घ्या. त्यात लिटरला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि मीठ मात्र पुरेसं नसतं. खोक्यावर तीन अक्षरं छापल्याने त्याचं औषध होत नाही.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ३ टक्क्यांच्या आसपास आला. आज हे सूत्र सगळ्यांना खुलं आहे. ती पुडी कुणीही बनवू शकतो.

आणि बाजाराची अडचण नेमकी इथेच आहे. सगळ्यांची पुडी सारखीच, ती स्वस्त, आणि सरकारी आरोग्य केंद्रात तर फुकट. म्हणजे ती अधिक चांगली करून नफा वाढवायला जागाच नाही. पण "ओआरएस" या नावावर लोकांचा विश्वास आहे. तो वापरून गोड, तयार, चटकन संपणारं पेय विकलं तर नफा आहे. मुलं ते आवडीने पितात, पालकांचं काम वाचतं, आणि मेडिकलच्या दुकानात मिळतं म्हणजे औषधच असणार, असं वाटतं.

स्पर्धेमुळे वस्तू सुधारतात, हे मीही मान्य करतो. माझा आजचा मोबाईल दहा वर्षांपूर्वीच्या मोबाईलपेक्षा कितीतरी चांगला आहे. कारण तो हातात घेतला की वाईट काय ते मला कळतं, आणि पुढच्या वेळी मी दुसरा घेतो. पण सोडियम किती आहे, हे जिभेला कळत नाही. ग्राहकाला जो गुण दिसतो, तो स्पर्धेत सुधारतो. जो दिसत नाही, त्यावरचा खर्च आधी कापला जातो. जॉर्ज अकर्लॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन असंच काहीसं दाखवलं होतं. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो.

एका आजींनी नातवासाठी दोन दिवसांत अशी सहा खोकी आणली होती. त्यावरची बारीक इंग्रजी ओळ मी त्यांना मराठीत सांगितली: हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, नाव एवढं मोठं आणि हे एवढंसं?" मला उत्तर सुचलं नाही.

अशी सूचना छापून नाव वापरायची मुभा २०२२ मध्ये दिली गेली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं याविरुद्ध लढल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. बाजार आपणहून सुधारला नाही, नियमाने त्याला सुधारावं लागलं. तरीही नाव बदलून तेच पेय त्याच फळीवर राहू शकतं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहा. किती पाण्यात मिसळायची तेही वाचा. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, ती पेल्याभर पाण्यात कालवू नका. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलीचा. बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवा आणि झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, पाणी पोटात टिकेना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.