ठेवणीतलं पुस्तक

कोठारातून मागवलेलं पुस्तक हातात आलं की आधी जाणवतो तो त्याचा गारवा. नाव नंतर, अक्षरं नंतर, जुन्या कागदाचा वाससुद्धा नंतर. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात, कोलंबिया विद्यापीठाच्या बटलर ग्रंथालयात, गाडीतून नुकतीच उतरलेली पुस्तकं फळीवर मांडलेली असतात, प्रत्येकातून मागणाऱ्याच्या नावाची पांढरी चिठ्ठी डोकावत असते, आणि आपलं पुस्तक उचलल्यावर मी ते लगेच उघडत नाही. कापडी बांधणीचं ते मुरलेलं, कोरडं थंडपण थोडा वेळ नुसतं तळव्यांत धरून ठेवते. आजीच्या लोखंडी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं असंच गार लागायचं. सणावाराला ती ते बाहेर काढी, आणि तिनं हटकेपर्यंत मी त्यावर गाल टेकवून बसे.

या पुस्तकांची ट्रंक हडसनच्या पलीकडे आहे. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे शिकायला आले तेव्हा विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय समोरच्या लो लायब्ररीच्या घुमटाखाली होतं. ते अपुरं पडलं, 1934 मध्ये बटलर उभं राहिलं; यथावकाश तेही भरलं. मग कोलंबिया, प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांनी मिळून न्यू जर्सीत, प्रिन्स्टनच्या फॉरेस्टल कॅम्पसवर, एक कोठार बांधलं. 2002 पासून पुस्तकं तिकडे मुक्कामाला जाऊ लागली, पुढे हार्वर्डचीही गेली. तिथली हवा बारमाही थंड आणि कोरडी ठेवतात, कागदाचं म्हातारपण लांबावं म्हणून. उंचच उंच रॅकच्या गल्ल्या, आणि त्यांत पुस्तकं लावलेली विषयवार नाहीत, लेखकवारही नाहीत, आकारानं. सारख्या उंचीची पुस्तकं एका ट्रेमध्ये, ट्रेला बारकोड, पुस्तकाला बारकोड. इकडे आपण कॅटलॉगमध्ये मागणी नोंदवायची. तिकडे कुणीतरी उचलयंत्रावर उभं राहून त्या उंचीपर्यंत जातं, ट्रे ओढून घेतं आणि दाटीवाटीनं उभ्या असलेल्यांतून नेमकं तेवढं एक काढतं. बहुधा दुसऱ्या दिवशी ते इकडे पोचतं.

किती शहाणी व्यवस्था! तरी उंचीनं लावलेल्या पुस्तकांचा विचार आला की मला उगीच गलबलून येतं. ग्रंथालयात पुस्तकाला शेजार असतो. एक शोधायला जावं, तर त्याच्या डावी-उजवीकडची दोन आपणहून हाताला लागतात. माझं निम्मं वाचन तर अशा शेजारपाजारावरच झालं. कोठारात ओव्यांच्या संग्रहाला रसायनशास्त्राचं जर्मन पुस्तक खेटून उभं असेल, दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल. तिथे कुणी सहज फिरकत नाही. नाव घेऊन बोलावल्याशिवाय तिथून कुणी बाहेर पडत नाही. आणि नाव तरी किती जणांना आठवत असतं?

मी बोलावलं होतं ते साठच्या दशकातलं, जात्यावरच्या ओव्यांचं एक पातळसं पुस्तक. कडांना चहाचा रंग चढलेला, पान उलटताना कोपऱ्याचा बारीक चुरा बोटाला लागणारा कागद. मुखपृष्ठाच्या मागे, खाली, लहान टायपात: किंमत अडीच रुपये. मी त्या ओळीशीच थबकले.

कारण हे अडीच रुपये कुठून आले, ते या ग्रंथालयांच्या इतिहासात लिहिलेलं आहे. अमेरिकेच्या पीएल-480 कायद्याखाली भारतात गहू आला; त्याची किंमत आपण डॉलरांत नाही, रुपयांत चुकवली. ते रुपये भारतातच साठत गेले, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या कार्यालयानं 1962 पासून त्यांतल्या काहींची पुस्तकं घेतली. अनेक भारतीय भाषांतली. मराठी कादंबऱ्या, नाटकं, नियतकालिकं, छोट्या गावांतल्या छापखान्यांतून निघालेले कवितासंग्रह बोटीत चढले आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत वाटले गेले.

तो गहू आमच्या घरात शिजत होता. आजी रेशनच्या रांगेत कापडी पिशवी आणि पिवळं पडलेलं कार्ड घेऊन उभी राही. गव्हाला चव नाही, पोळी चामट होते, असं पुटपुटत ती तोच गहू निवडून, पाखडून जात्यात घाली. आणि जात्याचा खुंटा हातात आला की तिचा गळा आपोआप मोकळा होई. माहेर, भाऊ, विठोबा, कोंडलेलं सगळं पिठाबरोबर बाहेर पडे. अक्षर तिला एकही येत नव्हतं. रेशन दुकानात तिनं कनवटीचे सुटे पैसे मोजून ठेवले, त्यांतले काही कुठून कुठे फिरून एका पुस्तकाची किंमत झाले असतील, हे तिला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. आणि त्या पुस्तकात तिच्यासारख्या बायकांच्याच ओव्या होत्या!

बटलरच्या दर्शनी भिंतीवर होमर, हिरोडोटस, सॉफोक्लीस अशी नावं मोठ्या अक्षरांत कोरली आहेत. ओव्या रचणाऱ्यांची नावं पुस्तकाच्या आतही नाहीत. पण दाम त्यांनी दिलेला आहे, रोख.

आता आईला फोन केला की मी जेवणाखाण्याच्या आधी पुस्तकांचंच विचारते. 'तुमच्या लहानपणी घरात काय काय होतं गं वाचायला?' ती अर्धवट सांगते. लेखक आठवतो तर नाव आठवत नाही, नाव आठवलं तर ते दुसऱ्याच पुस्तकाचं निघतं. एखाद्याचं नुसतं कथानक, एखाद्याच्या मुखपृष्ठावरचा मोर. मी तेवढ्यावर शोधत बसते. बहुतेक वेळा पुस्तक सापडतं. गहू चामट असेल, पण त्याचे पैसे सढळ हातानं खर्च झाले होते.