आजोबांच्या लुगड्याचा रंग

मी बेळगावचा, वय ७६, बँकेतून निवृत्त. कॉमर्सचा माणूस, लिहिण्याची सवय खातेवहीपुरतीच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या शहापूरच्या घरात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, मान जराशी कललेली बाई. ते आमचे आजोबा! लग्नाआधी ते नाटक कंपनीत स्त्री-पार्ट करायचे. शाळेतल्या मित्राने एकदा फोटो पाहिला आणि वर्गभर चिडवलं. तेव्हापासून मला त्याची लाज वाटायची.

पुढे मी नोकरीला लागल्यावर एकदा अप्पांनीच तो बाहेर काढला. म्हणाले, "ह्या लुगड्याचा रंग सांगू का तुला?" मार्चअखेर होती. मी म्हटलं, "संध्याकाळी सांगा अप्पा, उशीर होतोय." ती संध्याकाळ राहूनच गेली.

२०१९ साली मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिने केंटमधलं स्मॉलहाइथ प्लेस दाखवलं. एलेन टेरी ह्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नामवंत नटीचं हे घर. डिसेंबर १८८८ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात तिने लेडी मॅकबेथ केली. त्या वेषातले तिचे फोटो विंडो अँड ग्रोव्ह ह्या स्टुडिओने काढले.

मला वाटायचं, असे फोटो चालू नाटकात काढत असतील. पण गॅसच्या दिव्यांचा उजेड त्या कॅमेऱ्यांना पुरत नसे. नट-नट्या पूर्ण वेष करून स्टुडिओत जायच्या आणि तिथे प्रवेशातली पोझ द्यायच्या. फोटो साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात विकायचे. लोक ते घरच्या आल्बममध्ये नातेवाइकांशेजारी लावायचे. कुणाला त्यात लाज नव्हती.

फोटोतला तिचा झगा नुसता करडा-काळा. आणि तिथे काचेच्या पेटीत तोच झगा समोर! हिरवागार. त्यावर सोनकिड्यांचे हजारभर चमकते पंख शिवलेले. फोटोत त्यातलं काहीच उतरलेलं नाही. मुलीने सांगितलं, त्या काळच्या साध्या काचांवर निळा रंग फिका येई, लाल आणि हिरवा दोन्ही काळपट. एलेन टेरीचा झगा तरी जपून ठेवलाय. आजोबांचं लुगडंही फोटोत काळपटच. ते लाल की हिरवं, सांगणारे अप्पा आता नाहीत.

परत आल्यावर धारवाडच्या अक्काला फोन केला. अक्का तेव्हा ८१ वर्षांची. म्हणाली, "अरे, ते लुगडं आजीच्या वाकळेत मधोमध होतं की! अंजिरी. मी त्याच्यावरच झोपायचे." वाकळ कुठे गेली, विचारलं. "विरली, टाकून दिली." आणि नाटक कुठलं? "ते अप्पांनाच ठाऊक."

मी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, 'लुगडं अंजिरी, अक्काच्या सांगण्यावरून', खाली तारीख. नाटकाच्या नावाची जागा रिकामी आहे. फोटो आता दिवाणखान्यात लावलाय.

मंडळी, तुमच्याकडे असा फोटो असेल तर घरातल्या थोरांना आजच विचारा. संध्याकाळवर टाकू नका.