पिशवीतला नरक्या

काकांच्या तिसऱ्या केमोच्या आदल्या आठवड्यात घरी एक कॅरीबॅग आली. आत तपकिरी, भरड पूड. राधानगरीकडच्या कुणीतरी ओळखीच्याने दिलेली. "नरक्याची साल हाय," बाबा म्हणाले. "कॅन्सरचं औषध ह्यातनंच काढतात. बघ की तुझ्या गूगलवर."

मी बघितलं. पंचाईत अशी की बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं.

काकांना आतड्याचा कॅन्सर. त्यांना सलाइनमधून इरिनोटेकान दिलं जायचं. त्याचं मूळ कॅम्प्टोथेसिन नावाच्या रेणूत आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मन्सुख वाणी यांनी तो एका चिनी झाडातून वेगळा केला. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. त्या झाडाच्या चिनी नावाचा अर्थ 'आनंदाचं झाड'. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच रेणू सह्याद्रीतल्या एका झाडात असल्याचं दाखवलं. त्या झाडाला आपण वासावरून नरक्या म्हणतो. या रेणूपायी नरक्याची इतकी चोरटी तोड झाली की झाडच धोक्यात आलं.

मग साल उकळून प्यायला काय हरकत आहे?

याचं उत्तर सत्तरच्या दशकातल्या चाचण्यांत आहे. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्यात रेणूचं एक कडं उघडलं आणि औषधाचा जोर गेला. शिवाय आम्लधर्मी लघवीत ते कडं पुन्हा जुळायचं आणि मूत्राशयातून रक्त यायचं. चाचण्या थांबल्या. हा रेणू पेशीतल्या कोणत्या विकरावर काम करतो, ते १९८५ मध्ये कळलं. दरम्यान जपानमध्ये त्याच्यात बदल करून पाण्यात विरघळणारं इरिनोटेकान तयार झालं होतं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे ३० वर्षं. झाड तेच होतं. किती द्यायचं, कसं द्यायचं आणि कोणाला द्यायचं नाही, हे शिकण्यात ती वर्षं गेली.

एवढं करूनही औषध सौम्य झालेलं नाही. जोराचे जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात. काहींच्या शरीरातून ते जन्मजात हळू बाहेर पडतं. त्यांना डोस कमी करावा लागतो. काकांचा डोस उंची-वजनावरून, मिलिग्रॅममध्ये काढलेला. पुडीचा डोस? "एक चमचा, अनशापोटी." कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण तर झाडागणिक, खोड-मुळागणिक बदलतं.

हे सगळं मी रात्री बाबांना समजावलं. ते म्हणाले, "बरं." मी पुण्याला परतले.

केमोनंतर आठवड्याभरात काकांना जुलाब लागले. थांबेचनात. ॲडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेत होता का?" काकू खाली बघत राहिली. बाबा म्हणाले, "न्हाई." मी बाबांकडे बघितलं आणि डॉक्टरांना सांगून टाकलं. कितीदा घेतलं ते मग काकूनेच सांगितलं. सहा दिवस.

आमच्या कामात एक साधा नियम आहे: दोन बदल एकाच वेळी लाइव्ह करायचे नाहीत. काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. डॉक्टरांचंही तेच झालं. केमोचा त्रास, की पुडीचा, की दोन्हींचा? सांगता येईना. त्यांनी पुढची केमो लांबवली आणि डोस घटवला. म्हणजे जे औषध खरंच मोजून-मापून दिलं जात होतं, तेच काकांना कमी मिळालं.

काका घरी आले. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा फोनवर म्हणाले, "भाऊ हाय गं माझा. नुसतं बसून कसं बघायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता प्रत्येक केमोला काकांसोबत बाबाच जातात. खाण्यापिण्याची, गोळ्यांची वही ठेवतात आणि ती डॉक्टरांपुढे उघडून धरतात.

पिशवी मी फेकून दिली. तिच्यात नरक्याच होता का, तेही आम्हाला कधी कळलं नाही.