सर्व्हर घेताय? आधी हिंदमाता आठवा!

परळमधल्या एका छोट्या ऑफिससाठी सर्व्हर निवडतोय. टॅली, फायली, हजेरी अशी तीन जुनी मशिन्स व्हर्च्युअल करून एकाच डब्यात घालायची. मालकांचा पहिला प्रश्न, "प्रोसेसर कुठला?" अहो, अशा ऑफिसात तो बराच वेळ रिकामाच बसतो, आधी संपते ती रॅम! म्हणून पैसे ईसीसी रॅममध्ये. एखादा बिट उलटला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते. एसएसडी दोन, मिररमध्ये. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून उडवलेली फाईल दोन्हीकडून उडते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, ऑफिसबाहेर.

आणि हो, ऑफिस तळमजल्यावर, हिंदमाताजवळ. २६ जुलै २००५ आठवतोय ना? आता एक डबा बुडाला की तिन्ही मशिन्स बुडाली! प्रोसेसरवर वाचलेल्या पैशांतून भिंतीवर उंच रॅक ठोका. बाकीचं मग बोलू :)