येथील सर्व क्षेम

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात एक लाकडी हत्ती होता. उंची वीतभरही नसेल. एके काळी त्याच्यावर तांबडी लाख चढवलेली असावी. आमच्या लहानपणी ती पोटाखाली आणि कानांमागे तेवढी उरली होती. मे महिन्यात आम्ही दहाबारा भावंडे त्या घरी जमत असू. झोपाळ्यापासून पडवीतल्या नांगरापर्यंत घरातली कोणतीही वस्तू आमच्या खेळातून सुटत नसे. त्या हत्तीला मात्र हात लावायची बंदी होती. "तो बाबूचा आहे," एवढेच आजी म्हणे. आमच्या घरात बाबू नावाचे कोणीच नव्हते. पण मुलांना असल्या गोष्टींचे नवल फार वेळ वाटत नाही. आम्ही आंब्याच्या अढीकडे वळत असू.

हा बाबू कोण ते मला कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले. घराचे छप्पर उतरवून दुरुस्तीला घेतले तेव्हा माळ्यावरून एक जुनी पेटी खाली आली. तीत एका रुमालात बांधलेली जमाखर्चाची वही आणि सात पत्रे निघाली. सारे मोडीत. माझ्या पिढीला शाळेत मोडी नव्हती, तेव्हा स्वतःच्या पणजोबांचे अक्षर समोर असून मी त्यांच्यापुढे निरक्षर! अखेर मोडी जाणणारे एक वृद्ध शिक्षक भेटले. दोन दुपारी बसून त्यांनी मला ती वाचून दाखवली.

पत्रे शके १८०१ ची, म्हणजे १८७९ सालची. त्या वैशाखात माझे पणजोबा काशीयात्रेला निघाले होते. वडिलांचे गयेला श्राद्ध करायचे राहिले होते आणि थोरल्या भावाची, दादांची, प्रकृती तोळामासा; म्हणून हे धाकटे गेले. हर्णैहून गलबताने मुंबईला आणि तिथून आगगाडीने. त्यांच्या आधी नऊच वर्षे मुंबईचा लोहमार्ग जबलपुरावरून कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला होता. पूर्वी काशीला जायला निघालेला माणूस घरादाराचा निरोप घेऊनच निघे. परत आला तर देवाची कृपा. पणजोबांच्या वेळेपर्यंत ते भय पुष्कळ ओसरले होते, पण मनातून गेले नव्हते.

आणि कसे जाणार? वीसच वर्षांपूर्वीची गोष्ट लोकांच्या कानांवर होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. घरी परतले ते अडीचतीन वर्षांनी, गंगेची कावड घेऊन. त्यांनी लिहून ठेवलेला तो 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. तो वाचताना आपण भटजींच्या बरोबर झाशीला असतो, ग्वाल्हेरला असतो. पण मला आता राहून राहून वरसईची आठवण येते. तिथल्या म्हाताऱ्या आईबापांनी ती वर्षे कशी काढली असतील? पुस्तक जाणाऱ्याचे असते. मागे राहिलेल्यांचे पुस्तक कोणी लिहीत नाही.

तसे पाहिले तर टपालाची सोय तोवर चांगली झाली होती. १८५४ पासून देशभर तिकिटे लावून पत्र जाऊ लागले. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा पुरे. पुढे १८७९ च्या जुलैत पैशाचे कार्ड निघाले. आमच्या रुमालातली पहिली दोन पत्रे अर्ध्या आण्याची आहेत आणि पुढची पाच कार्डे. पणजोबा हिशेबी होते, त्यांनी नवी सोय हाती येताच उचलली! काशीहून आगगाडीने आणि पुढे घाटाखाली हरकाऱ्याच्या खांद्यावरून पत्र आमच्या गावी पोचायला पावसाळ्यात पंधरवडा तरी लागत असावा.

पत्रे वाचून घेताना प्रथम माझी निराशाच झाली. मला वाटले होते की काशीच्या घाटांचे वर्णन असेल, गर्दी असेल, आगगाडीचा पहिला अनुभव असेल. तसे काही नव्हते. "तीर्थस्वरूप दादांचे सेवेसी साष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम. आपले क्षेम लिहीत जावे." मग दुर्गाघाटावर उतरल्याचे, उपाध्यायांच्या घरचा पत्ता, खर्चाला किती उरले ते, आणि लोभ असावा. सातही पत्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी. फक्त शेवटी, जागा उरेल तशी, एक ओळ बाबूविषयी. "चि. बाबू आता उभा राहत असेल." "चि. बाबूस दात आले का, ते लिहावे."

ही ओळ कोणासाठी होती हे मला शिक्षकांनी समजावून दिले. त्या काळी घरात वडीलधारी माणसे असताना बायकोला पत्र लिहिणे ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. नाव तर घ्यायचेच नाही. पत्र यायचे ते घरच्या कर्त्याला. ते ओटीवर मोठ्याने वाचले जायचे, गडीमाणसेही ऐकायची, आणि बायको माजघराच्या दाराआड उभी राहायची. कार्ड तर टपालवाल्यापासून सर्वांनी वाचलेले. अशा चव्हाट्यावरच्या कागदावर नवऱ्याने बायकोशी बोलायचे तरी कसे? मुलाच्या नावाने. बाबूला दात आले का, हा प्रश्न दादांना विचारलेला नव्हता. तो दाराआडच्या माझ्या पणजीला विचारलेला होता.

मग शिक्षकांनी जमाखर्चाची वही उघडली. श्रावणाचे पान. "वैद्यास मात्रेबद्दल दोन आणे." दोन दिवसांनी पुन्हा तेच. मध आणि खडीसाखर. मग, त्याच अक्षरात, रकमेच्या रकान्यात काही न मांडता, दोन शब्द: "बाबू गेला." त्याच्या खालच्या ओळीत नारळांची विक्री.

शिक्षक थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि पत्रे तिथीवार लावायला घेतली. बाबू गेल्यानंतरची चार कार्डे होती. आश्विनातल्या कार्डात लिहिले होते, "चि. बाबूकरिता लाकडी हत्ती घेतला आहे. चांगला रंग आहे." आणि कार्तिकात, "दादांचे पत्र पावले. घरी सर्व क्षेम वाचून चित्त स्वस्थ झाले."

म्हणजे दादांनी कळवलेच नव्हते! बाबूला जाऊन दीडदोन महिने लोटल्यावर त्यांनी सर्व क्षेम म्हणून लिहिले होते. तार करता आली असती. तारखाते लोकांना खुले होऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. पण त्यांनी तार केली नाही आणि पत्रातही लिहिले नाही. मला पहिल्यांदा त्यांचा भयंकर राग आला. शिक्षक म्हणाले, "बाई, घाई करू नका. बातमी नुसती बातमी नव्हती तेव्हा. कानावर पडली की सुतक लागले. गयेचे श्राद्ध अडले असते. आणि माणूस परमुलखात एकटा. त्याने रडायचे तरी कोणाच्या गळ्यात पडून?"

खरे होते ते. परगावी गेलेल्या माणसाला न कळलेले मरण त्याच्यापुरते घडलेलेच नसायचे. दादांनी भावाला खोटे सांगितले असे म्हणण्यापेक्षा चार महिने बाबूला त्याच्यापुरता जिवंत ठेवला, असे म्हणता येईल. पण त्या चार महिन्यांची किंमत कोणी दिली? ओटीवर कार्ड वाचले जात असताना दाराआड उभी राहून "हत्ती घेतला आहे" हे जिने ऐकले, तिने. तिला विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी आनंदीबाई जोशी समुद्रापार गेल्या. कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ ला निघून ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळराव टपालखात्यातच नोकरीला. जगाची पत्रे ज्याच्या हाताखालून जायची, त्याला स्वतः बायकोच्या पत्रासाठी महिना-सव्वा महिना थांबावे लागे. एक प्रश्न जाऊन उत्तर यायला दोनअडीच महिने. गोपाळरावांनी रागाच्या भरात कडक शब्द लिहिले, तर ते तिथे पोचेपर्यंत त्यांचा राग निवलेला असेल, पण तिची जखम त्या दिवशी नवी. त्यांचे भांडणही असे शिळ्या शब्दांचे असे. आणि तरीही काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातली पत्रे वाचताना मला माझ्या पणजीसाठी हेवा वाटला. आनंदीबाईंना लिहिता येत होते. त्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने उत्तर देऊ शकत होत्या. त्यांचे दहा दिवसांचे मूल गेले ते दुःख त्यांच्याजवळ शब्दांत होते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या आणि त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरमावशींकडे गेली, हे वाचल्यावर तर मी पुस्तक मिटून ठेवले.

हे सारे मी दादांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. तो अधिकार मला राहिलेला नाही. आमची मुलगी अमेरिकेत असते. रोज सकाळी तिचा चेहरा पडद्यावर दिसतो. तिच्या ओट्यावर उतू गेलेले दूध मला इथे बसून दिसते. काही वर्षांपूर्वी ह्यांना हृदयाचा त्रास झाला आणि इस्पितळात ठेवावे लागले. तिला तेव्हा आठवा महिना होता. विमानात बसायची मनाई. आम्ही दोघांनी डोळ्यांनीच ठरवले. रोज ह्यांना उशीला टेकवून, अंगावर शाल घालून, आम्ही तिच्याशी हसून बोलत होतो. "बाबांच्या मागे हिरवा पडदा कसला?" तिने एकदा विचारले. "नवे पडदे केले," मी म्हटले. खोटे बोलताना माझी जीभ अडखळली नाही. येथील सर्व क्षेम.

तिला कळले ते बाळ महिन्याचे झाल्यावर. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "आई, काळजी करायचासुद्धा हक्क नव्हता का ग मला?"

मला उत्तर सुचले नाही. पंधरवड्याच्या टपालाचे एका क्षणावर आले, पण आपल्या माणसाला काय सांगायचे आणि काय झाकायचे, हा पेच तेवढाच जुना आणि तेवढाच अवघड राहिला. दादांना निदान गयेच्या श्राद्धाचा आधार होता. मला कोणता होता? मायेचा, असे मी म्हणेन. दादाही तेच म्हणाले असते.

पणजोबा परत आले ते पौषात. काशीहून आलेल्या माणसाला गाव वेशीपर्यंत वाजतगाजत सामोरा जाई. तसे लोक गेले. ही हकीगत पुढे मला आजीने सांगितली होती, पण बाबू कोण ते न सांगता, म्हणून इतकी वर्षे ती मला अर्धीच माहीत होती. वेशीवर दादांना बोलवेना. वाटेत कोणीच बोलले नाही. पणजोबा गंगेचा गडू एका हातात आणि हत्ती दुसऱ्या हातात घेऊन पायऱ्या चढले. तेव्हा पणजी, जी कधी ओटीवर आली नव्हती, ती सगळ्यांदेखत बाहेर आली, त्यांच्या हातातून तो हत्ती काढून घेतला आणि आत जाऊन कोनाड्यात ठेवला. त्यांना कळले ते असे. मावंदे पुढे महिन्याने झाले.

दादांशी ते भांडले नाहीत. दोघे भाऊ अखेरपर्यंत एका घरात राहिले. फक्त एक गोष्ट झाली. माझी पणजी बालबोध लिहायला शिकली. आमच्या गावात त्या वेळी लिहिणारी दुसरी बाई नव्हती. "कोणी शिकवले हो तिला?" असे मी लहानपणी आजीला विचारले होते. "मामंजींनी," आजी म्हणाली होती. "काशीहून आल्यावर. रात्री, दार लावून."

गेल्या वर्षी मुलगी नातीला घेऊन आली. हत्ती आता माझ्याकडे, काचेच्या कपाटात असतो. नातीने तो मागितला. "तो बाबूचा आहे," असे माझ्या तोंडातून निघाले आणि मी थांबले. मग मुलीला जवळ बसवून मी सारी हकीगत सांगितली, इस्पितळातल्या हिरव्या पडद्यासकट. ती ऐकत होती. नात जमिनीवर हत्ती चालवीत होती. कानामागची उरलेली लाख तिच्या बोटांना लागत होती, पण मी तिला अडवले नाही.