शितावरून भात, एप्रिलवरून हंगाम

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा २०२०चा हंगाम २६ मार्चला सुरू व्हायचा होता. महासाथीने मैदानांना कुलुपे घातली. तरीही त्या एप्रिलात रोज नवे निकाल आणि नवा गुणतक्ता प्रसिद्ध होत राहिला. 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' ही खेळ तयार करणारी जुनी कंपनी तो न झालेला हंगाम संगणकावर दिवसागणिक खेळवीत होती. 'बेसबॉल-रेफरन्स' हे आकडेवारीचे संकेतस्थळ 'आउट ऑफ द पार्क' या संगणकीय खेळाच्या साहाय्याने तेच करीत होते. एकाही हाताने चेंडू फेकला नव्हता, पण तक्त्यात कोणी वर होते, कोणी तळाला.

तक्ता समोर आला की माणसाला निदान केल्यावाचून राहवत नाही. हा धागा त्या निदानाच्या इतिहासाचा आहे. हंगामाचे पहिले वीस-पंचवीस सामने झाले, की संघांचे मूल्यमापन लिहायला बसण्याची रीत आभासी बेसबॉल लीगांमध्ये फार जुनी आहे, संगणकाहूनही जुनी.

तिचा एक आरंभबिंदू मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरणगावात सापडतो. १९३०च्या दशकात तिथल्या एका शाळकरी मुलाने स्वतःपुरती एक बेसबॉल लीग उभी केली. संघांना मोटारगाड्यांची नावे होती : प्लिमथ, शेव्हरोले, कॅडिलॅक, फोर्ड. खेळाडू बहुतेक काल्पनिक. गोट्या, दातकोरणी, खोडरबर अशा वस्तूंनी नेम साधून सामने खेळले जात. पुढे त्यांची जागा पत्त्यांनी घेतली. सामना संपला की हाच मुलगा क्रीडापत्रकार होई आणि आपल्याच संघांविषयी वार्तापत्र लिही. कोणाची फलंदाजी बहरात आहे, कोणत्या मॅनेजरने काय चूक केली, सगळे गंभीरपणे. हा मुलगा म्हणजे 'ऑन द रोड' या कादंबरीचा लेखक जॅक केरुअॅक. त्याची ही लीग प्रौढपणीही चालू राहिली. तिचे कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात जतन केलेले आहेत. वाचकच नसलेल्या वर्तमानपत्राचा तो एकमेव बातमीदार होता, आणि तरी त्याच्या मजकुरात कुठेही थट्टेचा सूर लागत नाही.

आपल्याकडच्या बुक क्रिकेटची इथे आठवण होणे साहजिक आहे. मागच्या बाकावर पाठ्यपुस्तक उघडायचे, पृष्ठक्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आला की बाद. त्या खेळाची गंमत अस्सल, पण त्यात एक उणीव होती. गावसकर असो वा अकराव्या क्रमांकाचा गोलंदाज, पुस्तक दोघांसाठी सारखेच उघडे. खेळाडूची ताकद त्या खेळात कुठेच लिहिलेली नव्हती.

ती लिहिण्याची युक्ती अमेरिकेत टप्प्याटप्प्याने घडली. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे गावच्या क्लिफर्ड व्हॅन बीक याने १९३०च्या सुमारास 'नॅशनल पास्टाइम' हा खेळ विक्रीस आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे स्वतंत्र कार्ड होते. दोन फासे टाकायचे, एकाचा आकडा दशकस्थानी आणि दुसऱ्याचा एककस्थानी धरायचा. ११पासून ६६पर्यंत ३६ शक्यता होतात. कार्डावर त्या छत्तीसांपुढे जे लिहिले असेल ते घडले असे मानायचे. हाच धागा पकडून पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या डिक साइट्झने १९५१मध्ये 'अॅप्बा' आणला.

मोठी झेप हाल रिचमनची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील या मुलाने वयाच्या अकराव्या वर्षी, १९४८च्या सुमारास, फासे टाकटाकून त्यांच्या बेरजांचे गणित बसवायला सुरुवात केली आणि १९६१मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आणले. वडिलांचा विमाव्यवसाय होता. खेळ बुडाला असता तर मुलाला त्या कचेरीत बसावे लागले असते. तो बुडाला नाही, याचे श्रेय एका साध्या कल्पनेला द्यावे लागते. या खेळात तीन फासे. वेगळ्या रंगाचा फासा स्तंभ ठरवतो : १, २, ३ आले तर फलंदाजाचे कार्ड वाचायचे, ४, ५, ६ आले तर पिचरचे. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या स्तंभातील ओळ दाखवते. म्हणजे निम्मे दान फलंदाजाच्या कार्डावर, निम्मे पिचरच्या. दोन फाशांत ७ ही बेरीज छत्तीसांत सहा वेळा येते, २ फक्त एकदा; म्हणून समर्थ फलंदाजाच्या कार्डावर सातपुढे काय छापले आहे, यातच त्याचे सामर्थ्य.

यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न झाली. खऱ्या मैदानावर संघाची 'खरी ताकद' कोणीही पाहू शकत नाही. दिसतात ते फक्त निकाल. आभासी लीगमध्ये ती ताकद कागदावर छापलेली असते. तिथे खेळाडू खचत नाही, त्याची घरी भांडणे होत नाहीत, प्रशिक्षकावर त्याची मर्जी खप्पा होत नाही; कार्डावर त्यासाठी जागाच नाही. आणि तरीही, सहा सामने सलग हरलेला लीगमधला मॅनेजर मूल्यमापनात लिहितो की संघात जिद्द उरलेली नाही.

१९९९मध्ये जर्मनीतील मार्कुस हाइन्सोन याने 'आउट ऑफ द पार्क'ची पहिली आवृत्ती काढली आणि या लीगा आंतरजालावर पसरल्या. वेगवेगळ्या देशांतील माणसे एकेक संघ चालवतात, आपले संघक्रम आणि आदेश पाठवतात, आणि लीगचा आयुक्त ठरलेल्या दिवशी काही दिवसांचे सामने एकदम चालवून निकाल सर्वांना धाडतो. या खेळात ताकदीचे आकडे संगणकाच्या पोटात असतात. मॅनेजरला दिसतो तो पारखी माणसाचा अंदाज, बहुधा २० ते ८० या मापावर, आणि तो चुकू शकतो. सत्य आहे, पण झाकलेले. खऱ्या मैदानाच्या थोडे जवळ नेणारी ही तरतूद आहे.

आता गणित. ज्याची खरी ताकद शंभरात साठ सामने जिंकण्याची आहे असा संघ घ्या. १६२ सामन्यांच्या हंगामात तो सुमारे ९७ जिंकेल. म्हणजे उत्तम संघ. पहिल्या वीस सामन्यांत मात्र तो नऊ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता जवळजवळ आठांत एक आहे. उलट शंभरात पंचेचाळीस जिंकणारा सुमार संघ वीसपैकी अकरा किंवा अधिक जिंकण्याची शक्यता सुमारे चारांत एक. तीस संघांच्या लीगमध्ये याचा अर्थ असा की एप्रिलअखेरच्या तक्त्यात काही जण हमखास चुकीच्या जागी उभे असणार. ते कोण, एवढेच ठाऊक नसते.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे नडते. स्वयंपाकघरात ती बरोबर आहे, कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. बेसबॉलचे वीस सामने म्हणजे वीस वेगवेगळ्या चुली.

जाणकार म्हणूनच विजय मोजण्याआधी धावा मोजतो. ही सवय रुजवली बिल जेम्सने. कॅन्ससमधील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी असताना त्याने १९७७मध्ये स्वतःच 'बेसबॉल अॅब्स्ट्रॅक्ट' छापले. त्याचे गाजलेले सूत्र असे : संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. वीस सामन्यांत १०० धावा केल्या आणि ८० दिल्या, तर उत्तर येते ०.६१. असा संघ बारा सामने जिंकायला हवा. तो आठच जिंकून तळाला बसला असेल, तर एका-एका धावेने निसटलेले सामने शोधावेत. खेळाडू विकायला काढू नयेत. आभासी लीगांतील चांगली मूल्यमापने इथूनच सुरू होतात. वाईट मूल्यमापने मॅनेजरच्या स्वभावापासून सुरू होतात.

ही हौशी माणसांची करमणूक वाटत असेल, तर बाल्टिमोरचा १९८८चा एप्रिल पाहावा. ओरिओल्स संघ आदल्या वर्षी ६७ सामने जिंकून ९५ हरला होता. नव्या हंगामातील पहिले सहाही सामने हरला. १२ एप्रिलला मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे याच संस्थेत काढली होती, आणि त्यांचे दोन्ही मुलगे, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघातून खेळत होते. बिलीने पुढे वडिलांचा ७ क्रमांक आपल्या पाठीवर घेतला.

सहा सामन्यांचे वजन किती? त्या वेळी मेजर लीगमध्ये २६ संघ होते. ते सगळे अगदी समान ताकदीचे असते, तरी साधारण दर तीन वर्षांत एकदा कोणीतरी सहापैकी सहा हरून हंगाम सुरू केला असता. एवढ्या पुराव्यावर फाशांच्या खेळातला शहाणा मॅनेजर एक खेळाडूही बदलणार नाही.

फ्रँक रॉबिन्सन या थोर खेळाडूच्या हाती संघ दिला गेला. तो आणखी १५ सामने सलग हरला. एकूण २१. बरोबरीच्या ताकदीच्या संघावर असा प्रसंग वीस लाखांत एकदा यावा. म्हणजे इथे नुसते दुर्दैव नव्हते, संघ खरोखरच दुबळा होता. २९ एप्रिलला शिकागोत पहिला विजय मिळाला, आणि हंगामअखेर हिशेब झाला ५४ विजय, १०७ पराभव. निदान बरोबर, औषध चुकीच्या माणसाला, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनच्याच हाताखाली ओरिओल्सनी ८७ सामने जिंकले आणि त्याला वर्षातील सर्वोत्तम मॅनेजरचा मान मिळाला. एका वर्षात माणूस इतका शहाणा झाला, की संघ बदलला, की फासे? तक्ता यावर बोलत नाही.

एप्रिल नेहमी खोटेच बोलतो असेही नव्हे. डेट्रॉइट टायगर्सनी १९८४मध्ये पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकले आणि शेवटी वर्ल्ड सीरिजही. मिलवॉकी ब्रूअर्सनी १९८७मध्ये पहिले १३ सामने सलग जिंकले, मे महिन्यात १२ सलग हरले, आणि ९१ विजयांवर थांबले. वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९मध्ये पन्नास सामन्यांनंतर १९ विजय आणि ३१ पराभवांवर होते; त्याच वर्षी ते विजेते ठरले. तिघांच्याही एप्रिल-मेवर त्या-त्या वेळी ठाम लेख लिहिता आले असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या खेळाचा हेवा वाटावा असा भाग पुढेच आहे. आभासी लीगमधला हंगाम पुन्हा खेळता येतो. तीच कार्डे, तेच वेळापत्रक, हजार वेळा. १९८८चे ओरिओल्स हजार हंगामांत बसवले, तर किती वेळा २१ सलग पराभव येतात हे मोजता येते. हंगामअखेरीच्या हिशेबाइतकाच दुबळा, म्हणजे तिनांत एक सामना जिंकणारा संघ धरला, तरी ठरावीक २१ सामने सलग हरण्याची वेळ सुमारे पाच हजारांत एकदा येते. म्हणजे जे घडले ते त्या दुबळ्या संघाच्याही मानाने असाधारण होते. अभिलेखागारात मात्र एकच हंगाम असतो. घडले ते घडणारच होते असे कागद वाचताना वाटू लागते, कारण न घडलेल्या हजार हंगामांची दफ्तरे कोणीच ठेवलेली नसतात. केरुअॅकच्या वार्तापत्रातसुद्धा नाहीत. त्यानेही प्रत्येक सामना एकदाच खेळला आणि लागलेल्या निकालाची कारणे शोधली.

२०२०चा खरा हंगाम अखेर २३ जुलैला सुरू झाला. १६२ऐवजी फक्त ६० सामने झाले; इतर वर्षी जून उजाडताना जिथे मूल्यमापने लिहिली जातात, तिथेच तो संपला. बाद फेरीत १६ संघ घेतले गेले. मायामी मार्लिन्स आदल्या वर्षी ५७ सामने जिंकून १०५ हरले होते. या तोकड्या हंगामात ३१ जिंकून, २९ हरून ते बाद फेरीत पोचले आणि तिथे त्यांनी शिकागो कब्जना हरवलेही. गतविजेते नॅशनल्स २६ विजयांवर अडकून बाहेर राहिले.

२०२१मध्ये पुन्हा १६२ सामने झाले. मार्लिन्सनी ६७ जिंकले, ९५ हरले.